पहिल्या परिषदेत पेपर वाचायचा आहे? ठाणे-नवी मुंबईतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमाची घडी बदलली. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प हे आता जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षाला दिवाळीची सुट्टी संपली की "एखाद्या कॉन्फरन्सला पेपर वाचून ये" ही सूचना विभागात हमखास ऐकू येते. पण परिषद निवडायची कशी, तयारी कधी सुरू करायची, तिथे गेल्यावर दिवसभर करायचं काय, हे सविस्तर सांगायला कोणाला वेळ नसतो. म्हणून हा लेख.

मी ठाण्यातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं. प्रकल्प ठाणे खाडीच्या चिखलात राहणाऱ्या कृमींवर होता. पुढची बरीच उदाहरणं त्यामुळे खाडीची आहेत; पण इतिहास, वाणिज्य, मराठी किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पायऱ्या त्याच आहेत. गाइड आणि वर्गातली मंडळी वर्षभर आपलं काम बघत असतात, त्यामुळे त्यातल्या फटी त्यांनाही दिसेनाशा होतात. ज्याला आपला विषय पूर्ण नवा आहे किंवा ज्याने त्यात वीस वर्षं घालवली आहेत, असा माणूस एका प्रश्नात ती फट दाखवतो. परिषदेला जायचं ते त्या प्रश्नासाठी. खालची सगळी तयारी मी हे डोळ्यांपुढे ठेवून सांगते आहे.

परिषद निवडताना

पहिली परिषद जवळची आणि लहान असावी, असं माझं ठाम मत आहे. ठाणे, वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल या पट्ट्यात महाविद्यालयं आणि संस्था इतक्या आहेत की डिसेंबर ते मार्च या काळात आपल्या विषयाचं एखादं राज्यस्तरीय किंवा राष्ट्रीय चर्चासत्र लोकलच्या अंतरावर सापडतंच. जीवशास्त्राच्या मुलांनी खारघरच्या अॅक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) संशोधन संस्थांच्या सूचनांवर लक्ष ठेवावं. विद्यापीठाच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेतही पदव्युत्तर गट असतो आणि परीक्षकांसमोर पोस्टर समजावण्याचा सराव तिथे फार चांगला होतो. मोठ्या राष्ट्रीय परिषदेत एकाच वेळी अनेक दालनांत सत्रं चालतात, नवख्याच्या दालनात श्रोते मोजकेच उरतात. त्यापेक्षा साठ-सत्तर माणसांचं, एकाच सभागृहात चालणारं चर्चासत्र बरं. तिथे तुमचा पेपर सगळे ऐकतात आणि चहाच्या वेळी त्यावर बोलायलाही येतात.

पैसे उकळण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या परिषदांपासून मात्र जपून राहा. त्यांची लक्षणं ओळखता येतात. एकाच परिषदेत यंत्र अभियांत्रिकीपासून योगापर्यंत सगळे विषय चालतात. अॅबस्ट्रॅक्ट (निबंधाचा छोटा सारांश) पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी "आपला शोधनिबंध स्वीकारला आहे, शुल्क भरा" असा मेल येतो. आयोजकांचा पत्ता सापडत नाही, फक्त व्हॉट्सअॅप नंबर असतो. आणि प्रत्येक निबंध नामांकित जर्नलमध्ये छापून येईल अशी हमी आधीच दिलेली असते. समीक्षा होण्याआधी अशी हमी कोणालाच देता येत नाही.

दोन गोष्टी स्वतः तपासा. माहितीपत्रकात एखादं जर्नल स्कोपसमध्ये (निवडक जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची) असल्याचं लिहिलं असेल, तर स्कोपसच्या संकेतस्थळावर जर्नलांची यादी विनामूल्य पाहता येते. नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) दोन्ही जुळवून बघा. दुसरी गोष्ट 'यूजीसी केअर' या शब्दांची. मान्य जर्नलांची ही यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यानंतरच्या माहितीपत्रकावर 'यूजीसी केअर जर्नलमध्ये प्रकाशन' असं छापलेलं दिसलं तर आयोजकांना थेट विचारा. आयएसबीएन असलेल्या पुस्तकात निबंध येणार, एवढ्यानेही भुलू नका. आपल्या देशात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, आतल्या मजकुराची कोणी तपासणी केल्याची ती खूण नाही. परिषदांची पारख करण्यासाठी 'थिंक चेक अटेंड' नावाची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली इंटरनेटवर आहे. ती एकदा वाचून काढा.

गाइडशी बोलून घ्या, नावं आधी ठरवा

अॅबस्ट्रॅक्ट परस्पर पाठवू नका. काम तुमचं असलं तरी प्रयोगशाळा, साधनं आणि बरेचदा मूळ कल्पना गाइडची असते. "सर, अमुक परिषद आहे, अंतिम तारीख अमुक आहे, यातला हा एवढा भाग मांडावा असं वाटतं" असं नेमकं सांगितलं की गाइडनाही उत्तर देणं सोपं जातं. पहिलं नाव कोणाचं, दुसरं कोणाचं, सादरीकरण कोण करणार हे त्याच बैठकीत ठरवा. नमुने गोळा करताना वर्गमित्राने मदत केली असेल तर त्याचं नाव लेखकांत की आभारांत, हेही. नावांवरून होणारी भांडणं जवळपास नेहमी नंतर उपटतात आणि तेव्हा ती मिटवणं अवघड जातं.

माहिती कुठून आणली, त्याची परवानगी आहे का, हेही याच वेळी पाहून घ्या. खाडीच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अभयारण्यातून चिखलाचा नमुना उचलायचा तरी वन विभागाची लेखी परवानगी लागते. सभागृहात एखादे ज्येष्ठ संशोधक उठून "नमुने अभयारण्याच्या हद्दीत घेतले का? परवानगीचा क्रमांक?" असं विचारतात तेव्हा उत्तर तयार असावं लागतं. समाजशास्त्राच्या मुलांना हाच प्रश्न मुलाखतींच्या संमतीबद्दल विचारला जातो.

अॅबस्ट्रॅक्ट

इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण निवड याच अडीचशे-तीनशे शब्दांवर होते.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत संपवा. ठाणे खाडी मुंबईसाठी किती महत्त्वाची आहे हे समीक्षकांना ठाऊक असतं. तिसऱ्या वाक्यात तुमचा प्रश्न आला पाहिजे. मग पद्धत: कुठे, कधी, किती नमुने, कोणत्या उपकरणाने किंवा कोणत्या चाचणीने. त्यानंतर निष्कर्ष, आणि ते आकड्यांसकट. शेवटी एक वाक्य, या निष्कर्षाने काय कळलं याचं.

सगळ्यात जास्त अॅबस्ट्रॅक्ट पडतात ती एका वाक्यामुळे: "निष्कर्षांची चर्चा प्रत्यक्ष सादरीकरणात केली जाईल." हे वाक्य वाचल्यावर हातात अजून काही नाही असाच अर्थ समीक्षक काढतात. सगळं काम पूर्ण झालेलं नसेल तर जे झालं आहे तेवढंच लिहा. 'प्रस्तुत अभ्यासात खाडीतील जैवविविधतेचा सखोल आढावा घेण्यात आला आहे' या वाक्यातून काहीच कळत नाही. 'ऐरोली आणि विटावा या दोन ठिकाणी पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर ओहोटीच्या वेळी चिखलाचे नमुने घेऊन त्यांतील बहुशूक कृमींची संख्या आणि मातीतील सेंद्रिय कर्ब यांचा संबंध तपासला' असं लिहिलं की वाचणाऱ्यापुढे काम उभं राहतं. शीर्षकही असंच नेमकं ठेवा. 'एक अभ्यास', 'एक चिकित्सक दृष्टिकोन' ही शेपटं बिनधास्त कापून टाका.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. चर्चासत्राच्या पत्रकात कोणता फॉन्ट मागितला आहे ते नीट बघा. काही आयोजक अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर मागतात. आपला मजकूर मात्र नेहमी युनिकोडमध्येच टाइप करून ठेवा, लागला तर त्यावरून रूपांतर करा, आणि सोबत पीडीएफ जोडा. पीडीएफ नसेल तर जोडाक्षरं तुटून मजकुराचं काय होईल सांगता येत नाही.

मसुदा तयार झाला की तो दुसऱ्या विषयाच्या मैत्रिणीला वाचायला द्या आणि "मी काय शोधलं ते एका वाक्यात सांग" असं म्हणा. तिला सांगता आलं नाही तर निष्कर्षाचं वाक्य पुन्हा लिहायला घ्या.

पैसे

विद्यार्थ्यांसाठी शुल्क कमी असतं आणि ठरावीक तारखेआधी भरलं तर आणखी सवलत मिळते. त्या शुल्कात जेवण, किट आणि प्रमाणपत्र येतं का, सहलेखकाला वेगळं शुल्क आहे का, ते विचारून घ्या. महाविद्यालयाकडून परतावा मिळू शकतो, पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी आधी अर्ज करावा लागतो. म्हणून स्वीकृतीचा मेल येताच तो जोडून विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. पावती तुमच्या नावावर घ्या आणि हजेरीचं पत्र जपून ठेवा. उपस्थितीची सवलतही त्याच अर्जात मागता येते.

पोस्टर की तोंडी सादरीकरण?

बहुतेकांना तोंडी सादरीकरण प्रतिष्ठेचं वाटतं. पहिल्या वेळी मी पोस्टर सुचवेन. तोंडी पेपरला दहा मिनिटं आणि वर दोन-तीन प्रश्न एवढंच मिळतं. पोस्टरपाशी तुम्ही तास-दीड तास उभे असता, एकेक माणूस येतो आणि निवांत बोलतो. त्यातून कामाला जेवढं मिळतं तेवढं व्यासपीठावर क्वचितच मिळतं.

पोस्टरचा आकार आयोजक कळवतात. ए-झिरो म्हणजे साधारण ८४ सेंटिमीटर बाय ११९ सेंटिमीटर, ए-वन त्याच्या निम्मा. उभा की आडवा हेही बघा. स्टँड उभे असतील तर आडवं पोस्टर बाहेर लोंबतं. फाइल सुरुवातीपासूनच त्या मापात तयार करा, नंतर ताणली तर आलेख फाटल्यासारखे दिसतात. शीर्षक पाच-सहा पावलांवरून वाचता आलं पाहिजे. मजकूर कमी आणि आलेख मोठे ठेवा, निष्कर्ष डोळ्यांच्या उंचीवर येऊ द्या, तळाशी ढकलू नका. फ्लेक्सच्या दुकानात चकाकणाऱ्या कागदाऐवजी मॅट मागा, नाहीतर दिव्याखाली वाचताच येत नाही. आणि छपाई आदल्या दिवसावर ठेवू नका: ठाण्यात लग्नसराई किंवा निवडणूक असली की दुकानदाराकडे आधीच रांग लागलेली असते.

पोस्टरसाठी दोन आवृत्त्या तोंडपाठ करा, एक मिनिटाची आणि चार मिनिटांची. कोणी थांबलं की आधी विचारा, "सर, आपण कशावर काम करता?" समोरचा रसायनशास्त्राचा असेल तर मातीच्या चाचणीपासून सुरुवात करा, पक्षिअभ्यासक असेल तर मोठे फ्लेमिंगो चिखलातले छोटे जीव खातात तिथून. ए-फोर आकारात पोस्टरच्या काही प्रती आणि त्यावर ईमेल एवढं सोबत असलं की पुरे.

तोंडी सादरीकरण असेल तर दहा मिनिटांना आठ-दहा स्लाइड्स पुष्कळ झाल्या. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक हवं. चाळीस ओळींचा तक्ता दाखवायचा नाही. त्यातल्या ज्या तीन आकड्यांवर तुम्ही बोलणार आहात तेवढेच दाखवायचे. फाइल पेन ड्राइव्हवर, स्वतःच्या मेलवर आणि पीडीएफ स्वरूपात, अशी तीन ठिकाणी ठेवा.

सराव घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने करा. आणि याच भाषणाची सहा मिनिटांची आवृत्तीही बसवा. ही सूचना फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे उद्घाटनाला दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगतं असं सगळं रीतसर होतं आणि पहिलं सत्र उशिरा सुरू होतं. तो वेळ शेवटी विद्यार्थ्यांच्या सादरीकरणातून भरून काढला जातो. अध्यक्ष ऐनवेळी "प्रत्येकी सहा मिनिटं" म्हणाले तर घाईघाईने बोलून भागत नाही. कोणत्या स्लाइड्स गाळायच्या हे घरीच ठरलेलं असलं पाहिजे. पार्श्वभूमी गाळा, पद्धत एका वाक्यात सांगा, निष्कर्षाला हात लावू नका.

त्या दिवशी

ठाण्याहून निघणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरचा फाटा लक्षात ठेवावा. तुर्भ्यानंतर काही गाड्या सानपाड्यावरून वाशीला जातात आणि काही जुईनगरवरून नेरूळ-पनवेलकडे. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कार्यक्रम असेल तर वाशी लोकल पकडा, ते केंद्र स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. नेरूळ, बेलापूर, खारघरसाठी पनवेल लोकल. खारघरच्या आतल्या सेक्टरांत जायचं तर नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे. स्थळ कोणत्या स्थानकाजवळ आहे ते आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवा. कार्यक्रम रविवारी असेल तर मेगाब्लॉकची वेळ शनिवारीच तपासा. पोस्टरची नळी घेऊन सकाळी आठच्या गर्दीत चढणं कठीण असतं, त्यामुळे अर्धा तास आधीची गाडी धरा.

पोहोचल्यावर आधी नोंदणी, मग जिथे सादरीकरण आहे ते दालन प्रत्यक्ष बघून येणं, मग फाइल तिथल्या संगणकावर उघडून पाहणं. यात वीस मिनिटं जातात, पण मग दिवसभर डोकं शांत राहतं.

स्वतःचं सत्र संपलं की घरी निघून जाणारे खूप विद्यार्थी मी पाहिले आहेत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण शुल्काचा खरा मोबदला पुढच्या तासांत असतो. बीजभाषण पूर्ण ऐका. आपल्या विषयाबाहेरचं एक तरी सत्र ऐका. वहीत भाषणाचा सारांश उतरवत बसू नका. नव्याने कळलेली पद्धत, वाचायला हवा असा संदर्भ आणि ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांची नावं, एवढंच लिहा. एखाद्या वक्त्याला प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी वहीत एका वाक्यात लिहा, उभं राहून नाव आणि महाविद्यालय सांगा, आणि तेवढंच वाक्य विचारून खाली बसा.

जेवणाच्या रांगेत ज्येष्ठ प्राध्यापक निवांत भेटतात. "नमस्कार मॅडम, मी ठाण्याहून आले आहे, खाडीतल्या कृमींवर प्रकल्प करते आहे. तुमच्या भाषणातल्या नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दल एक विचारू का?" एवढी ओळख पुरते. बहुतेक जण अशा विद्यार्थ्याला आवर्जून वेळ देतात. आपल्यासोबत वर्गातली चार-पाच मुलं आली असतील तर जेवताना मुद्दाम वेगवेगळ्या टेबलांवर बसा.

प्रश्नांना तोंड देताना

प्रश्न पूर्ण ऐकून घ्या, मध्येच उत्तर सुरू करू नका. कागदावर दोन शब्दांत टिपून घ्या. लिहिता लिहिता विचाराला वेळ मिळतो. समजला नसेल तर "सर, तुम्हाला नमुन्यांच्या संख्येबद्दल विचारायचं आहे का?" असं खात्री करून घ्या. ठाऊक नसलेल्या गोष्टीला "हे आम्ही तपासलेलं नाही" हे स्वच्छ उत्तर आहे आणि सभागृहात त्याला मान मिळतो. ओढूनताणून दिलेलं उत्तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

काही प्रश्न मुळात सूचना असतात. "तुम्ही क्षारतेचा विचार का केला नाही?" या प्रश्नाच्या मागे क्षारतेचा विचार करा हा सल्ला असतो. तिथे बचाव करत बसण्यापेक्षा "ते मोजायला कोणतं उपकरण सोयीचं पडेल?" असं विचारलं की प्रश्नकर्ता आनंदाने सांगतो. घरी निघण्याआधी प्रत्येक प्रश्न आणि शक्य असेल तर विचारणाऱ्याचं नाव वहीत पक्कं करा. सोमवारी गाइडना भेटाल तेव्हा ती यादी पुढे ठेवा. प्रकल्प अहवालाचं चर्चेचं प्रकरण लिहिताना आणि तोंडी परीक्षेच्या तयारीला हीच यादी कामाला येते, कारण बाहेरून येणारे परीक्षकही बहुधा तेच विचारतात.

परतल्यावर

निघण्यापूर्वी प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग आणि पेपरचं शीर्षक तपासा, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. 'सहभागी झाले' आणि 'पेपर सादर केला' ही दोन वेगळी प्रमाणपत्रं असतात, तुम्हाला दुसरं हवं.

ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना दोन-तीन दिवसांत मेल करा. चार ओळी पुरे: कुठे भेटलो, काय बोललो, त्यांनी सुचवलेला कोणता संदर्भ हवा आहे, आणि आभार. मेल जितका उशिरा जाईल तितकं तुमचं नाव त्यांच्या आठवणीतून पुसट होत जातं.

मग आयोजकांचा मेल येतो: पूर्ण निबंध पंधरा दिवसांत पाठवा, संग्रहात छापायचा आहे. इथे गाइडना विचारल्याशिवाय होकार देऊ नका. एकदा पूर्ण निबंध संग्रहात आला की तोच मजकूर पुढे जर्नलला पाठवता येत नाही. ते दुहेरी प्रकाशन ठरतं आणि जर्नल निबंध परत करतात. काम पक्कं असेल, त्यात अजून भर पडणार असेल, तर संग्रहासाठी फक्त अॅबस्ट्रॅक्ट द्या आणि पूर्ण निबंध जर्नलसाठी राखून ठेवा. काम लहान असेल आणि पुढे वाढवायचं नसेल तर संग्रहात द्यायला हरकत नाही, मात्र त्याची समीक्षा होणार आहे का ते विचारा.

बायोडेटात नोंद करताना 'सादर केलेले शोधनिबंध' आणि 'प्रकाशित शोधनिबंध' असे दोन वेगळे मथळे ठेवा. सादर केलेल्यांत सगळ्या लेखकांची नावं ठरलेल्या क्रमाने, शीर्षक, परिषदेचं पूर्ण नाव, आयोजक संस्था, ठिकाण, तारखा, आणि पोस्टर की तोंडी, एवढं लिहा. पीएच.डी.च्या मुलाखतीत या यादीतल्या कोणत्याही नोंदीवर बोट ठेवून "इथे तुम्हाला काय विचारलं गेलं?" असा प्रश्न येऊ शकतो, म्हणून प्रश्नांची ती वही टाकून देऊ नका.